हात स्थिर आहे. तोंड उघडतं का?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारे प्राध्यापक जनावरांच्या संसर्गजन्य आजारांवर काम करतात. त्यांच्याकडे पीएच.डी.चे तीन विद्यार्थी आहेत. संस्थेच्या बंदिस्त विभागात, म्हणजे बीएसएल-३ (जैवसुरक्षेची तिसरी पातळी) प्रयोगशाळेत आणि तिला जोडलेल्या जनावरांच्या खोल्यांत, स्वतंत्रपणे काम करायची परवानगी त्यांना पुढच्या महिन्यात दोघांना सही करून द्यायची आहे. 'अ'चा हात विलक्षण सफाईदार, लेखी परीक्षेत तो पहिला, आणि त्याला घाई आहे. 'ब' सावकाश काम करते, दर पायरीला थांबून विचारते. वरिष्ठ तंत्रज्ञांच्या मते ती आत गेली की सगळ्यांचा खोळंबा होईल. 'क'च्या नावापुढे एक घटना नोंदली गेली आहे: देखरेखीखाली आत काम करताना तिचा बाहेरचा हातमोजा फाटला, तिने काम थांबवून कळवलं आणि अर्धा दिवस वाया गेला. तिच्या घरी गाई-शेळ्याही आहेत. पत्रलेखकांचा प्रश्न: 'अ' तर नक्कीच, पण दुसरं नाव कोणाचं? 'क'चं दिलं तर समिती बोट ठेवेल. शिवाय फेलोशिपची वर्षं मोजकी असताना चार-चार महिने 'बाहेरच्या' प्रशिक्षणात घालवणं परवडतं का?

नमस्कार,

तुम्ही विचारलंत दुसऱ्या नावाबद्दल, पण पत्र वाचताना अडायला होतं ते पहिल्याच नावाशी.

'अ'बद्दल तुम्ही भरभरून लिहिलंय. हात, गुण, वेग, सगळं आलं. त्याच्या हातून झालेली एकही चूक मात्र पत्रात नाही. चार महिने सराव करणाऱ्या माणसाचं कधी काही सांडलं नाही, एखादं झाकण अर्धवट लागलं नाही, मोज्याला भोक पडलं नाही, असं होत नसतं. मग एक तर ते कोणी पाहिलं नाही, किंवा त्यानं सांगितलं नाही. यातलं काय ते कळेपर्यंत 'अ नक्की' हे वाक्य बाजूला ठेवा.

सफाईदार हाताला आत किंमत आहेच. पण बाहेर ज्याला आपण सफाई म्हणतो तिच्यात वेगाचा वाटा मोठा असतो, आणि बंदिस्त प्रयोगशाळेत वेगच घात करतो. पिपेटमधला शेवटचा थेंब जोरात बाहेर काढला की बुडबुडा फुटतो आणि डोळ्यांना न दिसणारे तुषार उडतात. नमुना घुसळणाऱ्या व्हॉर्टेक्स यंत्रावरून उचललेली नळी लगेच उघडली की तेच. नमुने गरगर फिरवून वेगळे करणाऱ्या सेंट्रिफ्यूजची सीलबंद बकेट बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, म्हणजे हवा आत खेचून गाळणाऱ्या कामाच्या कपाटात, नेऊन तिथेच उघडायची असते. घाईतला माणूस ती यंत्रापाशीच उघडतो, कारण बाहेर रोज तसंच करत आलेला असतो. बायोसेफ्टी कॅबिनेटच्या तोंडाशी हवा सेकंदाला साधारण अर्धा मीटर वेगानं आत खेचली जाते. शेजारून कोणी नेहमीच्या चालीनं गेलं तरी त्याची चाल याहून जास्त असते, म्हणजे हवेचा तो पडदा किती नाजूक ते पाहा. म्हणून हात आत घातल्यावर मिनिटभर थांबायचं, पुढच्या जाळीवर कागद किंवा मनगट ठेवायचं नाही, जाळीपासून निदान १० सेंटीमीटर आत काम करायचं आणि स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे जायचं.

'अ'ला हे तोंडपाठ असणार. तो ते करतो का, हे लेखी परीक्षेत दिसत नाही. त्याला धूर लागतो. कॅबिनेटच्या तोंडाशी धूरनळी धरा, त्याला त्याच्या नेहमीच्या वेगानं पाण्याचे नमुने हाताळू द्या, चित्रीकरण करा आणि त्यालाच दाखवा. दहा व्याख्यानांनी जे पटत नाही ते दोन मिनिटांच्या धुरात पटतं.

आता 'क'. तिच्या नोंदीत एकच आकडा शोधा: मोजा फाटल्याचं लक्षात आल्यापासून कळवेपर्यंत किती मिनिटं गेली? तिनं नळ्यांची झाकणं लावली का, हात कॅबिनेटमध्येच ठेवून बाहेरचा मोजा निर्जंतुक करून तिथेच काढला का, आतला मोजा अखंड आहे का ते पाहिलं का, आणि मग सांगितलं का? या क्रमानं झालं असेल तर त्या नोंदीला 'घटना' म्हणा हवं तर, पण ती तिची प्रात्यक्षिक परीक्षाच होती आणि ती उत्तीर्ण झाली आहे.

'अर्धा दिवस वाया गेला' हे शब्द तुमच्या पत्रातले. ते विद्यार्थ्यांच्या कानावर गेले असतील, तर 'अ' आणि 'ब' त्यातून काय शिकले असतील? पुढच्या वेळी मोजा फाटला तर गुपचूप बदलायचा. कोणी मुद्दाम लबाडी करतं असं नव्हे. आत गेलेला विद्यार्थी दमलेला असतो, मास्कखाली घामाघूम असतो, चार नमुने उरलेले असतात, आणि सांगितल्यानं नावापुढे शेरा लागणार हे त्याला ठाऊक असतं. अशा वेळी माणूस स्वतःलाच पटवतो की फार काही झालेलं नाही.

आणि 'फार काही झालेलं नाही' हे त्या क्षणी कळायला मार्गच नसतो. जनावरांतून माणसाला होणाऱ्या ब्रुसेलोसिसच्या जंतूचं, ब्रुसेलाचं, उदाहरण घ्या. हा जंतू प्रयोगशाळेत होणाऱ्या संसर्गांत वर्षानुवर्षं आघाडीवर राहिला आहे; तुषारांतून सहज शिरतो, आणि ताप यायला आठवडे, कधी महिने लागतात. त्याच दिवशी कळवलं तर डॉक्टर तीन आठवड्यांचा प्रतिजैविकांचा क्रम सुरू करू शकतात आणि पुढे २४ आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतरानं रक्त तपासतात. त्या तपासणीला अर्थ यायचा तर काम सुरू करण्याआधीचा रक्तद्रव जपून ठेवलेला हवा. तुमच्या तिघांचा ठेवला आहे ना? शिवाय नेमका कोणता वाण हाताळत होतो हेही सांगावं लागतं, कारण आरबी-५१ हा लशीचा वाण रिफॅम्पिसिनला दाद देत नाही आणि नेहमीच्या क्रमात तेच औषध असतं. ही सगळी साखळी विद्यार्थ्याच्या एका वाक्यावर लटकलेली आहे. ते वाक्य उच्चारणं सोपं करणं, हा तुमच्या प्रशिक्षणाचा गाभा.

त्यासाठी नोंदवहीचा नमुना बदला. एका रकान्यात प्रत्यक्ष घटना, दुसऱ्यात 'थोडक्यात निभावलं' असे प्रसंग, आणि दुसरा रकाना रोज भरायचा. तीन महिने ज्याचा दुसरा रकाना कोरा आहे त्याला बोलावून विचारायचं. समितीसमोर 'क'चं नाव नेताना हीच वही घेऊन जा आणि 'अ'चा कोरा रकाना शेजारी ठेवा. बोट ठेवायची जागा आपोआप बदलेल.

'ब'च्या सावकाशीचं निदान व्हायला हवं, कारण सावकाशी दोन जातींची असते. तोच प्रश्न तिसऱ्यांदा येत असेल तर तिची तयारी कच्ची आहे. दर वेळी नवा प्रश्न येत असेल तर बहुधा तुमची कार्यपद्धती कच्ची आहे. एसओपीत, म्हणजे लेखी कार्यपद्धतीत, 'योग्य जंतुनाशकानं पुसावे' असं लिहिलेलं असतं. योग्य म्हणजे कुठलं, किती टक्के, किती मिनिटं? लाळ्या-खुरकूतच्या विषाणूला मेदाचं आवरण नसतं, त्यामुळे हाताशी असलेल्या अल्कोहोलवर विसंबून चालत नाही. तो आम्लात आणि अल्कलीत मरतो, म्हणून सायट्रिक आम्ल किंवा ४ टक्के धुण्याचा सोडा वापरतात. शेजारच्या कामाला ब्लीच लागतं. एकाच टेबलावर आम्लाची बाटली आणि ब्लीचची बाटली, आणि एसओपीत 'योग्य जंतुनाशक'! न विचारणारा विद्यार्थी एकावर दुसरं ओततो आणि खोलीत क्लोरीन वायू तयार होतो. विचारणारी 'ब' तिथे थांबते. ब्लीचचं पातळ द्रावण रोज ताजं करावं लागतं (५ टक्क्यांच्या ब्लीचचा एक भाग आणि पाणी नऊ भाग, म्हणजे ०.५ टक्के) आणि ब्लीच घातलेला कचरा ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेनं जंतू मारणाऱ्या यंत्रात) घालायचा नसतो, हेही किती एसओपींत लिहिलेलं असतं?

तंत्रज्ञांची तक्रार मात्र उडवून लावू नका. मास्क आणि दुहेरी मोजे घालून तीन-चार तासांनंतर कुणाचाही हात ढिला पडतो. सावकाश काम करणारी व्यक्ती अवघड भागापर्यंत पोचते तेव्हा दमलेली असते. म्हणून 'ब'नं थांबायचं ते बाहेर. तिच्याकडून दोन एसओपी पुन्हा लिहून घ्या, जिथे जिथे ती अडते तिथे नेमकं वाक्य घालून. मग तोच प्रयोग तिला पाण्यावर, घड्याळ लावून, सहा-सात वेळा करू द्या. वेळ खाली येत गेला तर प्रश्न सुटला. नाही आला, तर तिचं थेसिस आतल्या कामावर कमी अवलंबून राहील असं आखा. त्यात कमीपणा नाही.

यावरूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. 'बाहेरचं' प्रशिक्षण म्हणजे गमावलेला वेळ, हे गृहीत धरण्याआधी तिन्ही थेसिसमधले प्रयोग एका कागदावर मांडा आणि प्रत्येकापुढे लिहा: जिवंत रोगजंतू लागतो का? प्रायमर ठरवणं, एलायझा बसवणं, जनुकक्रमाचं विश्लेषण, क्लोनिंग, निष्क्रिय प्रतिजनावर चालणाऱ्या रक्तद्रव चाचण्या, हे सगळं बाहेर होतं. विषाणू वेगळा करणं, उदासीनीकरण चाचणी, जनावराला संसर्ग देऊन पाहणं हे आत. यादी केली की आतलं काम बहुतेकदा वाटलं होतं त्याहून बरंच कमी निघतं. मग प्रशिक्षणाचे महिने आणि बाहेरचे प्रयोग शेजारी शेजारी चालवता येतात.

फक्त आतून बाहेर येणारा नमुना खरोखर मेलेला आहे याची खात्री हवी. जून २०१४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेत अँथ्रॅक्सचे नमुने निष्क्रिय झाले असं समजून खालच्या पातळीच्या प्रयोगशाळांत दिले गेले. निर्जीवता तपासायच्या प्लेट ४८ तासांऐवजी २४ तासांनीच पाहिल्या होत्या. नंतर त्याच प्लेटवर वाढ दिसली आणि सुमारे ७५ कर्मचाऱ्यांना संसर्गाचा धोका संभवला. आपल्याकडे कोणता विद्यार्थी 'काल काही उगवलं नव्हतं' म्हणून नमुना बाहेर काढेल, याचा विचार सही करताना करा.

सरावाबद्दल जरा विस्तारानं, कारण इथेच सगळ्यात जास्त ढिलाई दिसते. महागडी नकली प्रयोगशाळा लागत नाही. एक रिकामी खोली घ्या, जमिनीवर रंगीत चिकटपट्टीनं 'मळकं', 'मधलं', 'स्वच्छ' असे तीन पट्टे आखा. पोशाख चढवणं सोपं असतं. संसर्गाची संधी उतरवताना येते. नमुन्याच्या जागी चमकणारा रंग मिसळलेलं पाणी द्या, तासभर काम करू द्या, पोशाख उतरवून झाला की दिवे घालवून अतिनील दिवा धरा. रंग कुठे सापडतो ते पाहा: मनगटावर, मास्कचा पट्टा ओढताना कानामागे, मानेवर, दाराच्या मुठीवर, पेनवर. सलग तीन वेळा काहीही न चमकता बाहेर आलेल्यालाच पुढे जाऊ द्या. मास्कची फिट-टेस्टही, म्हणजे तो चेहऱ्याला घट्ट बसतो का याची चाचणी, याच टप्प्यात. दाढी वाढली तर आधीचा निकाल रद्द, हे आधीच सांगून ठेवा म्हणजे ऐन वेळी रुसवाफुगवा होत नाही.

त्यानंतर खऱ्या जंतूऐवजी निरुपद्रवी पर्यायावर काम. आवरण नसलेल्या आरएनए विषाणूंसाठी एमएस-२ हा जीवाणूभक्षक (फक्त जीवाणूंना संसर्ग करणारा विषाणू) चालतो. बर्ड फ्लूच्या तंत्राचा सराव कोंबड्यांच्या राणीखेत रोगावरच्या लासोटासारख्या लशीच्या वाणावर करता येतो. मग आतल्या अनुभवी व्यक्तीमागे उभं राहून नुसतं पाहणं, निदान पाच वेळा. त्यापुढे तिच्या नजरेखाली दहाएक वेळा स्वतः करणं. हे आकडे म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. पण 'दोनदा नीट केलं' हा पुरावा कमीच पडतो, कारण गडबड नेहमीच्या दिवशी होत नाही.

गडबडीचीही तालीम हवी, आणि त्यातली एक तरी न सांगता. कॅबिनेटबाहेर नळी फुटली तर श्वास रोखून सगळ्यांनी बाहेर, दार बंद, तुषार बसायला ३० मिनिटं. मग परत जाऊन शोषक कागद आणि कडेकडून मध्याकडे जंतुनाशक. घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो, लगेच वाकून पुसायला लागतो. खोलीतल्या दाबाचा अलार्म वाजला तर 'एवढं संपवून निघतो' नाही; झाकणं लावायची आणि निघायचं. सहकारी कोसळला तर आधी त्याचा जीव, निर्जंतुकीकरण नंतर. हा तिसरा प्रसंग न शिकवल्यामुळे मुलं बाहेर पडतानाच्या शॉवरपाशी घुटमळतात.

आत गेलेला कागद बाहेर येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी थेसिस लिहायच्या वेळी कोणाची तरी वही आत अडकलेली असते. पहिल्याच दिवशी ठरवा: नोंदी रोज आतल्या संगणकावरून बाहेर पाठवायच्या. ऑटोक्लेव्हचंही तसंच. यंत्रावर दिसणारे १२१ अंश कोठीचे असतात, पिशवीच्या पोटातले नव्हेत. पिशवी गच्च बांधली की वाफ आत शिरत नाही. जिओबॅसिलस या उष्णता सोसणाऱ्या जीवाणूच्या बीजाणूंची चाचणीपट्टी भरलेल्या पिशवीच्या मधोमध ठेवायला विद्यार्थ्यालाच सांगा. नापास निकाल एकदा स्वतः पाहिला की तो पिशव्या कोंबत नाही.

जनावरांच्या खोल्या हे वेगळंच प्रकरण आहे, आणि पत्रात त्यांचा उल्लेख एका ओळीत आलाय. गाय कॅबिनेटमध्ये मावत नाही, म्हणून तिथे खोलीच कॅबिनेट असते आणि विद्यार्थी त्या कॅबिनेटच्या आत उभा असतो. फरशी ओली, रबरी बूट, हवेच्या यंत्रांचा आवाज, मास्कमुळे बोललेलं ऐकू येत नाही, आणि जनावर लाथ मारतं. हाताच्या खुणा आधी ठरवून घ्या: थांब, सोड, बाहेर. जनावर धरणं आणि रक्त काढणं निरोगी जनावरांवर, पूर्ण पोशाख घालून, हातखंडा होईपर्यंत करून घ्या. सुईचं टोपण परत लावायचं नाही, सुयांचा डबा तीनचतुर्थांश भरला की बंद. शवविच्छेदनात एका वेळी एकाच्याच हातात सुरी, आणि सुरुवातीला आणि शेवटी पाती मोजायची.

आणखी एक गोष्ट प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात कधी दिसत नाही. दहा दिवस ज्या वासराला खाऊ घातलं त्यालाच अकराव्या दिवशी दयामरण द्यायचं असतं. पशुवैद्यक झालेल्या मुलांनाही ते जड जातं, आणि डोळे भरलेल्या माणसाच्या हातात सुई असणं धोक्याचं. त्या दिवशीचं काम खाऊ घालणाऱ्याकडे देऊ नका, निदान पहिल्या वेळी.

'क'च्या घरच्या गाई-शेळ्यांचा मुद्दा खरा आहे, पण तो तिला वगळण्याचा नाही. लाळ्या-खुरकूतचा विषाणू माणसाला जवळजवळ कधीच आजारी पाडत नाही, म्हणूनच लोक बेफिकीर होतात. तो माणसाच्या नाकातून, केसांतून, कपड्यांतून जनावरापर्यंत जाऊ शकतो. त्यासाठी शॉवर, आणि बाहेर आल्यावर दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांपासून संस्थेच्या नियमानुसार तीन ते सात दिवस लांब राहणं. 'क'नं आतल्या कामाचे आठवडे सलग लावावेत आणि त्या काळात घरी जाऊ नये. लेखी हमी तिघांकडूनही घ्या. ज्याच्या घरी जनावरं नाहीत त्यालाही शेजारी सहज हाक मारतात, 'डॉक्टर, जरा गाय बघता का?' या वाक्याला नाही म्हणायची तयारी त्यांच्याकडून करून घ्या.

सगळं ओझं विद्यार्थ्याच्या हातावर टाकू नका, हेही सांगायला हवं. २००७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये पिरब्राइटच्या पशुरोग प्रयोगशाळांजवळ लाळ्या-खुरकूत उद्भवला, तेव्हा चौकशीत संशयाचं बोट गळक्या सांडपाणी-वाहिन्यांकडे गेलं. २०१९ मध्ये चीनमधल्या लान्झोऊत ब्रुसेलाच्या लशीच्या कारखान्यात मुदत संपलेलं जंतुनाशक वापरलं गेलं, जंतू बाहेर पडणाऱ्या हवेबरोबर गेले, आणि १०,००० हून अधिक लोकांच्या तपासण्या सकारात्मक आल्या. सुरुवातीला लक्षात आले ते शेजारच्या पशुरोग संशोधन संस्थेतले विद्यार्थी आणि कर्मचारी. तुमच्या मुलांना हवा कुठून जाते, सांडपाणी कुठे तापवलं जातं, फिल्टर कधी बदलला, बाटलीवरची मुदत काय आहे, हे इंजिनिअरबरोबर फिरून एक दिवस दाखवा. 'ब' त्या दिवशी सगळ्यात चांगले प्रश्न विचारेल असा अंदाज आहे.

तर सही. 'स्वतंत्र' या शब्दाचा अर्थ आधी समितीकडून लिहून घ्या: परवानगी स्वतंत्र, पण आत दोघं असल्याशिवाय काम नाही. मग पुढच्या महिन्यात दोन नव्हे, एकच सही करा, 'क'ची. दोन जागा आहेत म्हणून दोन्ही भरायच्या असं कुठे लिहिलेलं नाही. 'ब'ला एसओपी आणि घड्याळाचे सहा आठवडे. 'अ'ला धूर, रंगाची चाचणी आणि त्या दुसऱ्या रकान्यात स्वतःच्या पाच नोंदी. त्या आल्या की त्याच दिवशी सही करायला हरकत नाही.

'अ'शी हे बोलताना त्याला शिक्षा झाल्यासारखं वाटेल. म्हणून आधी तुमच्या स्वतःच्या हातून आत झालेली एक चूक त्याला सांगा, तारखेसकट, आणि ती कळवायला तुम्हाला किती वेळ लागला तेही.